विमा म्हणजे व्हिसाचा कागद नव्हे!

मे-जून महिना आला की आमच्यासारख्या लहान गावातल्या डॉक्टरांकडेही एक वेगळी गर्दी सुरू होते. ही गर्दी आजारी माणसांची नसते. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत शिकायला निघालेल्या धडधाकट मुलामुलींची असते. कोणाला लसीकरणाचा दाखला हवा असतो, कोणाला क्षयरोगाची तपासणी करायची असते, तर कोणाला सहा महिन्यांची औषधे लिहून हवी असतात. बरोबर आई-वडील असतात. बँकेचे कर्ज, विमानाचे तिकीट, तिथली खोली, प्रेशर कुकर, जाड स्वेटर, मेतकूट आणि गोडा मसाला या सगळ्यांची त्यांची तयारी चोख असते. मात्र "आरोग्य विम्याचे काय केलेत?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "ते एजंट बघतोय, डॉक्टर. सगळ्यात स्वस्त असेल तो घेऊ. नुसता कागद तर दाखवायचाय!"

या "नुसत्या कागदा"विषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण हा विषय आता फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांचा राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. त्यांत तालुक्याच्या गावांतून गेलेली, शिक्षकांची, शेतकऱ्यांची आणि छोट्या दुकानदारांची मुले पुष्कळ आहेत. ज्या घरात कर्जाचा पहिला हप्ता कसा भरायचा याची चिंता आहे, त्याच घरात विम्यावर काटकसर करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. आणि नेमके त्याच घराला ती काटकसर सर्वांत महागात पडते.

सक्ती कोणाची आणि कशासाठी?

प्रत्येक देशाची रीत निराळी आहे, ती आधी समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो सुरू झाला, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी वर्षाला १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला आहे आणि शिक्षणाच्या पूर्ण मुदतीची रक्कम एकदम आधीच भरावी लागते. त्या बदल्यात तिथली सरकारी आरोग्य सेवा मिळते. दात, चष्मा यांचा खर्च मात्र साधारणपणे वेगळाच असतो.

जर्मनीत विम्याचा पुरावा असल्याशिवाय विद्यापीठात नावच नोंदले जात नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा सवलतीच्या दरात मिळतो. त्यासाठी दरमहा साधारण दीडशे युरोच्या आसपास खर्च येतो. तो वाचवण्यासाठी काही जण सुरुवातीलाच सूट मागून स्वस्त खासगी विमा घेतात. पण अशी सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारमान्य विम्यात परत येता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा विद्यार्थी विमा आधीच घ्यावा लागतो. त्यात आधीपासून असलेल्या आजाराच्या उपचारासाठी बारा महिने आणि मानसिक आजार आधीपासून असल्यास दोन महिने थांबावे लागू शकते. कॅनडात तर प्रांत बदलला की नियम बदलतो. मॅनिटोबा प्रांताने २०१८ साली परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारा मोफत सरकारी विमा बंद केला, तर ब्रिटिश कोलंबियाने २०२० पासून त्यांच्यावर दरमहा ७५ डॉलरचे शुल्क लावले.

सर्वांत जास्त गोंधळ अमेरिकेविषयी आहे. आपली बहुतेक मुले एफ-१ व्हिसावर जातात. या व्हिसासाठी अमेरिकी सरकारची विम्याची सक्ती नाही. ती असते विद्यापीठाची, आणि प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो. जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना मात्र सरकारनेच अटी घातल्या आहेत. २०१५ पासून प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचे संरक्षण, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार डॉलर आणि दुर्दैवाने मृत्यू आलाच तर पार्थिव परत आणण्यासाठी २५ हजार डॉलर अशी तरतूद त्यांच्या विम्यात असावी लागते. शेवटची अट वाचताना अंगावर काटा येतो. पण परदेशात दगावलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे पार्थिव आणण्यासाठी वर्गणी गोळा करण्याची आवाहने आपण अधूनमधून वाचतोच. त्या वर्गणीमागचे दुःख ज्याने पाहिले असेल, तो या अटीला जाचक म्हणणार नाही.

"पोरगं तर ठणठणीत आहे!"

पालकांचा पहिला आक्षेप हाच असतो. "डॉक्टर, बावीस वर्षांच्या पोराला काय होतंय? आणि अमेरिकेतली विद्यापीठं विम्यापायी वर्षाला दोन-चार हजार डॉलर उकळतात. ही लूट नाही का?"

रक्कम मोठी आहे यात शंका नाही. पुष्कळ विद्यापीठांत हा हप्ता वर्षाला दोन ते चार हजार डॉलरच्या दरम्यान असतो. म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेदोन ते साडेतीन लाख रुपये! एवढ्या पैशांत आपल्याकडे अख्ख्या कुटुंबाचा विमा कित्येक वर्षे चालेल. पण तुलना हप्त्याशी हप्त्याची करू नये, बिलाची करावी.

अपेंडिक्सचेच उदाहरण घेऊ. हा आजार तरुण वयातच जास्त दिसतो आणि तो सांगून येत नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांनी २००९ साली अपेंडिक्सच्या साध्या, गुंतागुंत नसलेल्या रुग्णांना लावलेल्या बिलांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत लहान बिल सुमारे दीड हजार डॉलरचे होते आणि सर्वांत मोठे १ लाख ८२ हजार डॉलरचे. मधले बिल ३३ हजार डॉलरच्या पुढे होते. एकाच राज्यात, एकाच आजाराला! या घटनेला आता पंधराहून अधिक वर्षे झाली आहेत आणि तिथली वैद्यकीय सेवा तेव्हापासून स्वस्त झालेली नाही.

केसपेपर काढून नाममात्र पैशांत उपचार घ्यावेत असे जिल्हा रुग्णालय परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत मिळत नाही. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे तिथल्या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दारातून परत पाठवत नाहीत, हे खरे. पण बिल माफ होत नाही, ते मागाहून घरी येते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की विम्याची सक्ती योग्यच आहे. शंभर निरोगी मुलांनी मिळून एका आजारी मुलाचा भार उचलावा, हेच विम्याचे तत्त्व आहे. ते एक मूल आपले असणार नाही याची हमी कोण देणार? माझी तक्रार सक्तीविषयी नाही. सक्ती करणारे आणि विमा विकणारे त्याचा अर्थ समजावून सांगत नाहीत, याविषयी आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. पीक विम्याचा हप्ता भरला जातो, पण नुकसान कोणाला, कोणत्या मुदतीत कळवायचे हे त्याला शेतात पाणी शिरल्यावरच समजते. परदेशी गेलेल्या मुलाच्या बाबतीत तेच होते. फरक इतकाच की इथे पीक नसते, पोटचे पोर असते.

स्वस्त विमा कुठे फसवतो?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे आपला विमा विद्यार्थ्याच्या खात्यात आपोआप लावतात. पण "माझ्याकडे तितकाच चांगला विमा आहे" असे ठरलेल्या तारखेच्या आत दाखवले, तर त्यातून सूट देतात. या सुटीसाठी आपल्याकडून किंवा तिथल्या एखाद्या खासगी कंपनीकडून कमी हप्त्याची पॉलिसी घेतली जाते. अशा सगळ्याच पॉलिसी वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पण स्वस्ताई कुठून आली, हे पाहिले पाहिजे.

विद्यापीठांचे बहुतेक विमे तिथल्या आरोग्य विमा कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे आधीपासून असलेला आजार त्यांना नाकारता येत नाही आणि आवश्यक उपचारांच्या खर्चावर वर्षाची मर्यादाही घालता येत नाही. बाहेरच्या स्वस्त पॉलिसीला हे बंधन बहुधा नसते. तिच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की आधीचा आजार नाही, मानसिक आजार नाही, बाळंतपण नाही, दात नाहीत, खेळातली दुखापत नाही. मग उरले काय?

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका कुटुंबातील मुलाची गोष्ट सांगतो. त्याला लहानपणापासून दमा. शिकायला अमेरिकेच्या थंड भागात गेला. पॉलिसीच्या अर्जावर "कोणताही जुना आजार आहे काय?" या प्रश्नापुढे "नाही" लिहिलेले होते. हप्ता वाढेल, कदाचित विमाच मिळणार नाही, ही भीती. इथून नेलेले इनहेलर डिसेंबरात संपले. नवे घ्यायचे तर डॉक्टरकडे जावे लागणार आणि गेलो तर दमा उघड होणार, म्हणून तो थांबला. शेवटी एका रात्री श्वास लागून रुग्णवाहिकेने रुग्णालयात जावे लागले. मुलगा वाचला, हे महत्त्वाचे. पण दमा जुना असल्याचे कागदपत्रांवरून निघाले आणि कंपनीने हात वर केले. वडिलांनी ते बिल फेडण्यासाठी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला.

यात पैशांचे नुकसान तर झालेच. परंतु डॉक्टर म्हणून मला दुसरी गोष्ट अधिक सलते. त्या मुलाने दोन आठवडे अंगावर काढले. विमा नसल्यामुळे नव्हे, तर असलेला विमा वापरण्याची भीती वाटल्यामुळे! दमा, मधुमेह, फिट्स, थायरॉइड, हृदयाचा दोष यांपैकी काहीही असेल, तर ते अर्जावर लिहिलेच पाहिजे. आजार लपवून घेतलेला विमा हा विमा नसून हातात धरलेला कोरा कागद आहे. ज्याला जुना आजार आहे त्याने तर महाग पडला तरी विद्यापीठाचाच विमा घ्यावा, असा माझा आग्रह असतो. दात कोरून पोट भरत नाही.

मनाचा आजार विसरू नका

आपल्याकडे या विषयावर बोलायला लोक कचरतात. पण अनेक गंभीर मानसिक आजारांची सुरुवात विशी-पंचविशीच्या आतच होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. त्यातच घरापासून हजारो मैल दूर, डोक्यावर कर्ज, दुपारी चारलाच पडणारा अंधार, परीक्षेचे दडपण आणि जेवायला एकटेच! अशा वेळी मूल फोनवर "सगळं ठीक आहे, आई" एवढेच म्हणते. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशकाची सोय असते आणि ती पुष्कळदा मोफत असते. पण औषधोपचाराची किंवा रुग्णालयात राहण्याची वेळ आली तर विमाच लागतो. म्हणून ज्या पॉलिसीतून मानसिक आजार वगळला आहे, ती घेऊ नये. "आमच्या घरात असले काही नाही" असे म्हणून हे कलम सोडून देणाऱ्या पालकांना मी हात जोडून विनंती करीन, की हे कलम सर्वांत आधी वाचा.

चार शब्दांचा अर्थ

अमेरिकी पॉलिसीत चार शब्द वारंवार येतात. पहिला डिडक्टिबल. म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी आपण स्वतः भरायची रक्कम. दुसरा को-पे. म्हणजे दर भेटीला द्यायची ठरावीक रक्कम. तिसरा को-इन्शुरन्स. म्हणजे उरलेल्या बिलातला आपला टक्का. उदाहरणार्थ, बिल १०,५०० डॉलर झाले, डिडक्टिबल ५०० आणि आपला वाटा २० टक्के असेल, तर आधीचे ५०० आणि उरलेल्या १०,००० चे २,००० मिळून २,५०० डॉलर आपल्याला भरावे लागतात. "विमा आहे म्हणजे सगळे फुकट" हा समज इथेच मोडतो. चौथा शब्द नेटवर्क. म्हणजे कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि रुग्णालये. त्याबाहेर गेलात तर आपला वाटा वाढतो.

याशिवाय कुठे जायचे, हेही मुलाला माहीत हवे. सर्दी-तापासाठी आधी विद्यापीठाचे आरोग्य केंद्र गाठावे. ते बंद असेल आणि दुखणे फार गंभीर नसेल, तर अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात. मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग सर्वांत महाग असतो, म्हणून तो खऱ्या संकटासाठीच ठेवावा. पण छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे, मोठा अपघात अशा वेळी मात्र पैशांचा विचार न करता ९११ हा क्रमांक फिरवावा. बिल आल्यावरही घाबरून लगेच भरू नये. तपशीलवार बिल मागावे, कंपनीने काय दिले ते तपासावे. धर्मादाय स्वरूपाच्या रुग्णालयांना तिथे अडचणीतल्या रुग्णांसाठी सवलतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. त्याची चौकशी जरूर करावी.

आणखी एक खड्डा शिक्षण संपल्यावर येतो. पदवीनंतर ओपीटी म्हणून वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखेतल्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षे कामाचा अनुभव घेता येतो. पण विद्यार्थीपण संपल्यामुळे विद्यापीठाचा विमा साधारणपणे थांबतो आणि नोकरी लागेपर्यंत मालकाचा विमा नसतो. या मधल्या काळात कोणी सक्ती करीत नाही, म्हणून पुष्कळ मुले विम्याविना राहतात. सक्ती संपली म्हणजे आजारपण संपत नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

विम्याचा खर्च कर्जाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. फीबरोबरचा तो एक भाग आहे असेच समजा. दातांचा खर्च बहुतेक विम्यांत नसतो, म्हणून किडलेले दात इथेच दुरुस्त करून घ्या, चष्म्याची जास्तीची जोडी बरोबर द्या. विद्यापीठाने मागितलेल्या लसी इथेच घ्या. बीसीजी घेतलेल्या आपल्या मुलांची हातावरची क्षयरोग चाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते. विद्यापीठ चालवून घेत असेल तर रक्ताची चाचणी बरी. रोजच्या औषधांची चिठ्ठी कंपनीच्या नावाने न घेता मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथे कोणी ओळखत नाही. आपले पॅरासिटामॉलदेखील अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते. हे ठाऊक नसल्याने दोन्ही एकदम घेतली तर यकृताला धोका होऊ शकतो.

आणि पॉलिसी घेण्याआधी एजंटाला तीनच प्रश्न विचारा. यात काय *नाही*? जुना आजार आणि मानसिक आजार यांचे काय? रुग्णालयाचे पैसे कंपनी थेट देणार, की आधी आपण भरून मग मागायचे? उत्तरे लेखी घ्या. ती देता येत नसतील, तर एजंट बदला. परदेशी शिक्षणाचे सल्ला केंद्र चालवणाऱ्या मंडळींनाही माझे सांगणे आहे, की प्रवेशासाठी तुम्ही घसघशीत फी घेता, तेव्हा विम्याच्या अटींचे एक पान सोप्या मराठीत छापून देणे हे तुमचे कर्तव्यच ठरते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी या मुलांवर येऊ देऊ नका.

सर्वांत शेवटी पालकांना एक गोष्ट सांगतो. आपली मुले शहाणी आहेत. बापाने कर्ज काढले आहे हे त्यांना पदोपदी आठवते. म्हणूनच ती दुखणे लपवतात, अंगावर काढतात. विमानतळावर निरोप देताना "नीट जेव, जपून राहा" हे आपण सांगतोच. त्याच्या जोडीला एवढेही सांगा, "बाळा, बरं वाटत नसेल त्या दिवशी आधी डॉक्टरकडे जा. पैशांचं आपण मागाहून बघू." हे वाक्य खरे करून दाखवता यावे, यासाठीच चांगला विमा घ्यायचा असतो.